मायचा मुक्काम आन बारा नंबरचा गॅस

वाशी, शेतातलं घर.
बुधवार, दुपार. लाईट गेलेली.

तीर्थरूप दादांना धाकट्या नंदाचा जय भीम. वैनींनाबी जय भीम (पत्र दादांच्या नावाचं हाय, पण आधी तुम्हीच फोडणार हे मला ठावं हाय, म्हणून तुमचा जय भीम वरच घातला). दादा, तुमची शुगर कशी हाय? गोळ्या घेता का वैनींना दाखवून खिशात टाकता? वैनींच्या खांद्याचं दुखणं उतरलं का? इकडं शिवानीचे पप्पा बरे हायत, शिवानी बरी हाय, दोन्ही म्हशी बऱ्या हायत. माय बरी हाय. मायचं मुद्दाम शेवटी लिहिलंय, न्हायतर तुम्ही फोन करून "नंदा, खरं सांग" म्हणून माझं डोकं खाणार. आन गाडीला काहीही झालेलं न्हाय. हे आधीच लिहून ठेवते.

कुठली गाडी, असं आता तुम्ही म्हणला असाल. तुमचीच. बसून वाचा.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर मी दोन शब्द बोलले की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणता, आन वैनी स्पीकर लावून मागं भांडी वाजवतात. पत्राला मधीच कुणी तोडत न्हाय. शिवानीची पुण्यात परीक्षा हाय, ती उद्या निघायलीय, तिच्या हातात देते. शुक्रवारी तुम्हाला मिळंल. रविवारी तुम्ही मायला न्यायला यायचं म्हणलाव, म्हणून ही घाई.

आता मूळ मुद्दा. मागच्या महिन्यात मायला ऊन लागलं, हे खरं. अंगणात चक्कर येऊन बसली, एक दिवस सलाईन लावलं, हेबी खरं. पण तेवढ्यावर तुम्ही घरबसल्या ठरवूनच टाकलं की मायला आता कायमचं पुण्याला न्यायचं. उन्हाळ्यापुरतं न्हाय, कायमचं. तिकडं एसी हाय, इकडं काय हाय? म्या म्हणलं कूलर हाय. तुम्ही म्हणलाव, लाईट असती का? म्या म्हणलं असती. (असती. रात्री असती. दुपारी बारा ते चार सोडून कवाबी असती.) आन कूलरला दिवसाला चार कळशा पाणी लागतं, टँकर येतो दिवसाआड, मग म्हशीनं प्यावं का कूलरनं? हे मी बोलले न्हाय, पण तुम्ही वळखलंच. मग तुम्ही म्हणलाव, "माय राहील अशी गारव्याची सोय दाखव, मग बोल." हे तुमचेच शब्द हायत दादा, आन वैनी साक्षीला होत्या, भांडी वाजायची थांबली होती. तर सोय झाली. माय तिकडं यायचं न्हाय म्हणती. चौथ्या मजल्यावर तिला कोण बोलायला हाय?

(टँकर आला. आलेच.)

आले. अर्धाच टँकर दिला, त्यातबी शेजारच्या त्या गौराबाईनं दोन पिंपं जास्तीची लावली. जाऊ द्या.

तर तुमची गाडी. ब्याण्णव साली तुम्ही घेतली तवा आपल्या वस्तीत पहिली, आन एसीची म्हणाल तर आसपासच्या गावांत तेवढीच. तिच्यातून तुम्ही मायला नागपूरला दीक्षाभूमीला नेलं होतं. माय गोधडी पांघरून बसली होती आन परभणी यायच्या आत "बंद कर रं तात्या, दात वाजायलेत" म्हणून तुमच्या पाठीत बुक्क्या मारायली होती. पुण्यात गाडी ठेवायला जागा न्हाय म्हणून तुम्ही ती आमच्या शेडात लावलीत. "रिटायर झालो की करतो तिचं काहीतरी" म्हणून गेलाव, रिटायर झालाव, आन दुसरी गाडी घेतलीत. तिचं काय केलं? आमी केलं. शिवानीचे पप्पा पंधरा दिवसाला चालू करतात, हवा बघतात. (कोंबड्या आत बसायच्या ते खरं हाय, पण काच फुटकी तुम्हीच ठेवली होती, ती मागनं आमी बसवली.)

त्या दिवशी दुपारी लाईट गेली, माय पदरानं वारं घेत बसली, आन माझ्या डोक्यात आलं की गाडीच्या एसीला ना लाईट लागती, ना पाणी. उठले, शिवानीच्या पप्पांना झोपेतून उठवलं, गाडी चिंचेखाली काढली, एसीचं बटन दाबलं. फुस्स. गरम वारं, आन त्यात कोंबडीची पिसं.

वाशीत आता एक राजपाल म्हणून एसीचा मिस्त्री आलाय. मूळचा लोहाऱ्याचा, नऊ वर्षं पुण्यात काम करून आलेला. पोरगं हुशार, पण इतकं हळू, इतकं हळू की बघणाऱ्याला ऊन लागावं. त्यानं गाडीचं तोंड उघडलं, अर्धा तास आत बघितलं आन म्हणला, मावशी, ह्याच्यात जुना गॅस होता, तो आता मिळत न्हाय. तो आभाळाला भोकं पाडायचा म्हणून सगळ्या जगानं बंद केला. जुन्या गॅसचा नंबर बारा, नव्याचा एकशे चौतीस. म्या विचारलं, मधले एकशे एकवीस कुठं गेले? तर हसला. सांगितलं न्हाय. (त्यालाच ठावं नसंल.) मग त्यानं यादी सांगितली. जुनं तेल सगळं काढायचं, नव्या गॅसला ते चालत न्हाय, त्याचं तेल वेगळं. सांध्यातली रबरी रिंगं बदलायची. ओल शोषणारी एक बाटली असती, ती नवी. गॅस भरायचं तोंड नवं. पुढं जादा पंखा. सामान मागवायला चार दिवस, कामाला दोन. म्या म्हणलं, बाबा, गॅस संपलाय तर गॅस भर, तुला गाडीचं लगीन लावायला कुणी सांगितलं? तर म्हणला, मावशी, करायचं तर सगळं, न्हायतर हात लावत न्हाय.

असं कुणी म्हणलं की माझं डोकं फिरतं, हे तुम्हाला ठावं हाय. तिथून उठले ते सरळ योगीराजकडं. योगीराज म्हणजे फ्रीज दुरुस्त करणारा, आपला जुना फ्रीज त्यानंच तीनदा दुरुस्त केला (तीनदा का करावा लागला हे तवा सुचलं न्हाय). तो म्हणला, अक्का, कशाला बदलाबदली, माझ्याकडं असा गॅस हाय की जुन्या तेलावर जुन्या पायपात बसतो, तासाभरात बर्फ. मला असंच माणूस पाहिजे होतं. संध्याकाळी आला, संगं एक छोटी लाल टाकी. म्या म्हणलं चहा करायला आणली असंल. मी आत जाऊन आपल्याच गॅसवर चहा टाकला, त्याला म्हणलं तुझी टाकी कशाला खर्च करतोस. तो हसला आन चहा घेतला. तासाभरात गाडीत खरंच बर्फ. दादा, खोटं न्हाय सांगत, काचेला बाहेरून घाम आला. मायनं गोधडी मागितली. माझी मान एवढी वर झाली होती की मला पायाखालची म्हैस दिसंना.

मग दुसऱ्या दिवशी मला काय सुचलं? मायला तेरखेड्याला न्यायचं. द्वारकामावशीला दाखवायचं, की बघ, तुझी बहीण भर दुपारी कशी गारेगार फिरती. मावशीचं घर कुठं हाय हे तुम्हाला सांगायला नको. गावाबाहेर, फटाक्याच्या कारखान्याला लागून.

रस्त्यानं माय म्हणती, "नंदे, दुधाखालचा गॅस बंद केलास का गं?" म्या म्हणलं केला. जरा पुढं गेलाव, पुन्हा, "नंदे, वास यायलाय, गॅस चालू राहिला." म्या म्हणलं, माय, घर मागं राहिलं, घरचा वास इथवर कसा येईल? गप गारव्याला बस. मलाबी वास येत होता. पण मला वाटलं, मनात संशय आला की नाकाला वास येतोच. शिवानीच्या पप्पांना तर सर्दी.

मावशीच्या दारात ऊन, म्हणून गाडी कारखान्याच्या फाटकापाशी लिंबाच्या सावलीला लावली. तिथला मुकादम धनाजी पळत आला, गाडी काढा, इथं लावायची न्हाय. म्या काच खाली घेतली, त्याला झापायला. तो वाकला, आन तसाच थांबला. नाक वर केलं. "मावशी," म्हणला, अगदी हळू, "गाडीत शेगडी हाय का?" तवा माझ्या डोळ्यापुढं योगीराजची लाल टाकी उभी राहिली, दादा. लाल, गोल, आन चहा न करता परत गेलेली. म्या सांगून टाकलं, शेगडी न्हाय, एसीतच घरचा गॅस भरलाय बहुतेक.

धनाजी पांढरा फटक पडला. चावीला हात लावू नका म्हणून ओरडला, आन शिट्टी फुंकली. शेडातून बाया बाहेर आल्या, पंधरावीस जणी, हाताला चंदेरी भुकटी लागलेली, आन आमच्याकडं बघत बघत रानात पळाल्या. एक लांबूनच ओरडली, "आमी रोज दारू भरताव, पण असला बॉम्ब कधी केला न्हाय!" माझी इज्जत तिथंच गेली. शिवानीचे पप्पा उतरले, मी उतरले, माय उतरंना. गार हाय म्हणती, मी कशाला उतरू, तुमचं तुम्ही भांडा. शेवटी धनाजीनं हात जोडले, "आजी, पाया पडतो, खाली या, मला दोन लेकरं हायत." तवा माय म्हणली, "मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" आन सावकाश पदर सावरून उतरली. मग त्याच बाया परत आल्या (धनाजीनं त्यांच्या चपला काढायला लावल्या, घासून ठिणगी पडू नये म्हणून), सगळ्यांनी मिळून गाडी हातानं ढकलत ढकलत लांब माळावर नेली. पुढं उतार लागला, गाडी आपली आपण थोडी गेली आन सुखरूप थांबली. द्वारकामावशीनं त्या समद्या बायांना चहा केला. माझ्याशी ती बोलली न्हाय. मायला मात्र म्हणली, "विठे, गार होतं का गं?" माय म्हणली, "लई."

राजपालला फोन केला. मी त्याला कोणत्या तोंडानं बोलले ते माझं मला ठावं. गाडी घेऊन ये म्हणून त्यानं सांगितलं न्हाय, स्वतः मोटारसायकलवर माळावर आला, सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवलं, पायपाचं तोंड ढिलं करून तो गॅस उघड्या रानात सोडून दिला, आन वास पुरता जाईस्तोवर दोन तास दगडावर बसला. शेवटी एवढंच म्हणला, "मावशी, आता मी काम करीन. पण मधी बोलायचं न्हाय." म्या म्हणलं बरं.

(मी मधी बोलले. पण कमी.)

सामान आलं. जुनं तेल त्यानं काढलं, काळं कुट्ट. पाईप धुतले. हिरवी रिंगं बसवली. कुकरच्या रिंगासारखीच असतात दादा, फक्त बारकी, त्यात एवढं काय हाय म्हणून मी दोन बसवून दिली, त्यानं ती काढून पुन्हा बसवली. नव्या तेलाची बाटली लई नाजूक. उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढती आन वाया जाती. म्हणून त्यानं ती घट्ट झाकण लावून खिडकीत ठेवली आन जेवायला गेला. आला तर माय खिडकीत बसून ते तेल गुडघ्याला चोळायली होती. अर्धी बाटली दोन गुडघ्यांत. राजपालनं डोक्याला हात लावला. माय म्हणती, "चुरचुरायलंय, म्हणजे लागू पडायलंय." मग मायचे गुडघे साबणानं धुतले, दुसरी बाटली मागवली, त्यात दोन दिवस गेले. माय अजून म्हणती डावा गुडघा त्या दिवसापासनं हलका हाय. डॉक्टरला विचारू नका.

मग त्यानं पायपात कोरडी हवा का काय ते दाबून भरली आन दाब दाखवणाऱ्या घड्याळाची सुई बघत बसला. सुई खाली यायली. म्हणजे कुठंतरी गळतंय. त्याच्याकडं गळती हुडकायचं मशीन हाय, ते कानाला लावल्यासारखं फिरवत होता, पण वारं इतकं की मशीन नुसतं किरकिर करायचं. पाऊण तास झाला. मला राहवलं न्हाय. मी घरात गेले, भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस केला, आन ठिबकचा पाईप तपासते तसा प्रत्येक सांध्याला हातानं चोपडला. तिसऱ्या सांध्याला फुगा आला. मोठा, लिंबाएवढा. राजपालनं माझ्याकडं बघितलं, फुग्याकडं बघितलं, आन म्हणला, "मावशी, दुकानात येता का कामाला?" हे वैनींना वाचून दाखवा.

त्यानंतर पंप लावून पाईप रिकामे करायचे. दादा, भरायला पाच मिनिटं आन रिकामं करायला दीड तास! आमच्या घरात काही रिकामं व्हायला इतका वेळ कधी लागला न्हाय. ते झालं की पुन्हा एक तास नुसतं सुईकडं बघायचं, हलती का. मी त्या तासात दोन म्हशी धुतल्या, भाकरी केल्या, गौराबाईशी पिंपाचं भांडण काढलं आन संपवलं. सुई हलली न्हाय. मग गॅस भरला, तोबी जुन्यापेक्षा कमी. म्या म्हणलं हात आखडू नको, टाक अजून. तर म्हणला, जास्त टाकला तर कमी गार होतं. असलं उलटं शास्त्र मी कधी ऐकलं न्हाय, पण गप बसले. शेवटी त्यानं गाडीच्या तोंडाच्या आत एक कागद चिकटवला. गॅस कोणता, किती, तेल कोणतं, तारीख, आन कुणी बदललं. म्हणजे पुन्हा कुणी लाल टाकीवाला आला तर वाचंल.

आता रोज दुपारी गाडी चिंचेखाली असती. शेडात चालू ठेवायची न्हाय, धूर आत येतो, हे राजपालनं तीनदा बजावलंय; धुराचं नळकांडं वाऱ्याच्या खालच्या बाजूला करून लावताव, आन कुणीतरी शेजारी बसून राहतं. बाहेर बेचाळीस असताना हवेच्या तोंडाशी राजपालच्या थर्मामीटरची सुई चौदावर. योगीराजच्या बर्फाएवढं न्हाय, पण जीव गार होतो. माय दोन तास मागच्या सीटवर ऐटीत बसती, पुढं कुणाला बसू देत न्हाय. पेट्रोलचं विचारू नका, ते माझं मी बघते.

तर दादा, सोय दाखवली. तुमचा शब्द होता. माय इथंच राहील. रविवारी येऊ नका. उगं एवढ्या लांब उन्हाचं. गोळ्या घ्या. वैनींना खांद्याला शेक द्यायला सांगा.

तुमची धाकटी,
नंदा

ता. क. वर "सुखरूप थांबली" लिहिलंय ते बरोबर हाय. फक्त बाभळीला थांबली. डावा दिवा आन पुढचा पत्रा जरा चेपलाय. बाभळीला काही झालं न्हाय.

ता. क. दुसरं. राजपालनं कागदावर "कुणी बदललं" इथं स्वतःचं नाव घातलं आन खाली माझंबी घातलं. मी नको म्हणले. एकदाच म्हणले.

ता. क. तिसरं. शिवानीनं पत्र वाचलं आन म्हणती, मम्मी, खरं लिही. तर लिहिते. माय यायचं न्हाय म्हणती, असं म्या वर लिहिलं. माय तसं म्हणलीच न्हाय. म्या तिला विचारलंच न्हाय. काल डिकी उघडली तर आत तिचं गाठोडं. दोन लुगडी, औषधाची डबी, बाबासाहेबांचा बारका फोटो, आन तुमच्यासाठी कुरडयांची पिशवी. सलाईन निघाल्यापासनं बांधून ठेवलंय म्हणती. आन पुढची सीट ती रिकामी का ठेवती, तर "तात्याची जागा हाय." रोज दुपारी त्या गारव्यात बसून ती तुमची वाट बघती, आन मला वाटत होतं गारव्याला बसलीया.

ता. क. चौथं, आन हे वैनींनी वाचलं तरी चालंल. रविवारी या. पण तुमच्या गाडीनं नको, एसटीनं या, आन जाताना हीच गाडी तुम्ही चालवा, मायला गोधडी घेऊन मागं बसू द्या. म्हशी पंधरा दिवस शिवानीचे पप्पा बघतील, ते त्यांना अजून सांगितलेलं न्हाय. मी कुणाच्या घरी जाऊन राहत नसते हे तुम्हाला ठावं हाय. पण संध्याकाळी भाकरी करून हाक मारायला घरात माय नसली तर म्या कुणाला हाक मारायची? पाऊस पडला की दोघींना परत आणून सोडायचं, हे आधी कबूल करा. पुढची सीट वैनींना ठेवा म्हणलं असतं, पण त्या तिकडं हायत. तर पुढं गाठोडं ठेवा. मायशेजारी माझी जागा हाय.